पॉलिसी पोर्ट केली असेल तर शेड्यूलवरची ही तारीख आजच बघा

आईची मेडिक्लेम 2016 पासून एकही हप्ता न चुकता चालू आहे. 2023 मध्ये ती दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली, म्हणजे जुने फायदे कायम ठेवून तिकडे हलवली. काही आजारांचा खर्च पॉलिसीच्या सुरुवातीच्या ठराविक काळात मिळत नाही, तो वेटिंग पिरियड; पोर्ट करताना आधीच्या वर्षांत पूर्ण झालेला हा काळ नव्या कंपनीला धरावाच लागतो. जुन्या पॉलिसींच्या प्रती दिल्या होत्या, पोचही होती.

2025 मध्ये गुडघा बदलायचं ठरलं आणि ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी कॅशलेस नामंजूर! कारण काय, तर सांधेरोपणाचा 36 महिन्यांचा वेटिंग पिरियड पूर्ण नाही. शेड्यूल, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाचं पान काढलं, तर पहिली पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेच्या रकान्यात 2016 ऐवजी 2023. कंपनीतच कुणीतरी पोर्टचं प्रकरण नवी पॉलिसी म्हणून चढवलं होतं.

चूक होऊ शकते, तिचा राग नाही. संताप आला तो पुढच्या प्रकाराचा. फोनवर चूक मान्य केली, आणि मग मेल आला: पुढच्या रिन्यूअलपासून तारीख दुरुस्त करू, सोबतच्या पत्रावर सही करून पाठवा. पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सदर दाव्याबाबत आमची कोणतीही तक्रार उरलेली नाही.' आई पेन घेऊन बसलीच होती. दुखण्याने बेजार झालेल्या म्हाताऱ्या माणसाकडून अशी सही काढून घेणं ही शुद्ध फसवणूक आहे. असं पत्र आलं तर अजिबात सही करू नका.

ऑपरेशन आम्ही पदरचे पैसे भरून केलं. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं स्टिकर सगळं जपून ठेवलं आणि फोनवर बोलणं बंद करून फक्त मेल केले. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही टाकली. 'दावा नियमानुसार नाकारला' एवढंच छापील उत्तर आलं.

मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही की जाता येतं, पण वर्षाच्या आत जायला हवं.

लोकपालांकडून कंपनीला पत्र गेलं आणि सुनावणीआधीच पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. तरी 2016 ची तारीख घातलेलं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीचा कागद, हातात पडेपर्यंत आम्ही तक्रार मागे घेतली नाही. आईचा दुसरा गुडघा अजून व्हायचाय.