पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन: काही महिने वापरल्यानंतर

जुन्या गाडीतले पॉइंट (फिरणाऱ्या कॅमच्या उंचवट्यांनी उघडझाप होऊन ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पिकअप वाढला का?" नाही वाढला. नीट गॅप (उघडल्यावर टोकांमधलं अंतर) दिलेले नवे पॉइंट आणि हे किट, यांतला फरक गाडी चालवताना कळत नाही. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) तोच, वजनांचा आणि व्हॅक्यूमचा अ‍ॅडव्हान्सही (गरजेप्रमाणे ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) जुनाच. ठिणगी कधी पाडायची हे सांगणारा भाग तेवढा बदलला. ताकदीसाठी घेत असाल तर पैसे वाचवा.

फायदा दुसरीकडे आहे. एकदा लावलेलं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) काही महिन्यांनी तपासलं तरी जागच्या जागी सापडतं. पॉइंटमध्ये कॅमवर घासणारी टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. शिवाय टोकं जळतात ती वेगळीच: एका बाजूला खड्डा, समोर उंचवटा. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) त्या उंचवट्यावर टेकतं आणि 0.40 मिमी दाखवतं, खरा गॅप मात्र जास्तच असतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन 3000 आरपीएमला सेकंदाला 100 ठिणग्या मागतं, म्हणजे हे पॉइंट सेकंदाला शंभरदा उघडतात. झिजणार नाहीत तर काय!

किटमध्ये घासण्यासारखं काहीच नाही. कॅमवर चुंबकांची रिंग बसते, शेजारी हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की कळवणारा). डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश (आधाराची बाही) थोडं ढिलं झालंय, त्यामुळे पूर्वी स्ट्रोब लाइटखाली (ठिणगीबरोबर चमकणारा, टायमिंग तपासायचा दिवा) पुलीवरची खूण थरथरायची. आता जवळपास स्थिर दिसते. आयडलिंगही एकसारखं झालंय. मायलेजचं म्हणाल तर छातीठोकपणे सांगण्याइतका फरक नाही.

घेण्याआधी मल्टिमीटरने इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) प्रायमरी गुंडाळीचा रेझिस्टन्स मोजा, हे सगळ्यात महत्त्वाचं. 3 ओहमची कॉइल 12 व्होल्टवर साधारण 4 अँपिअर खेचते, बॅलास्टवाली (करंट आवरायला वेगळा रेझिस्टर लागणारी) 1.5 ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली तर 8. किटचं साधं मोड्यूल (पॉइंटच्या जागचा इलेक्ट्रॉनिक स्विच) एवढ्यात भाजून निघतं. प्लगच्या वायरी निव्वळ तांब्याच्या असतील तर कार्बनच्या घाला, नाहीतर त्यांच्या विद्युत गडबडीने सेन्सर चाळवतो. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकायची सवय असेल तर ती सोडा, तेवढ्यानेही मोड्यूल तापू शकतं.

त्रास एकदाच झाला, पण डोकं खाल्लं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मिसिंग (ठिणगी चुकून इंजिनला झटके), आयडलिंगला सगळं गुण्यागोविंदाने. प्लग, कॅप, रोटर, सगळं पाहून झालं. शेवटी सापडलं काय, तर डिस्ट्रिब्युटरमधली बेस प्लेटची अर्थिंगची बारीक वायर. व्हॅक्यूमबरोबर प्लेट हलते, आणि वायर आतल्या आत तुटलेली. प्लेट फिरली की संपर्क जायचा. किटचा यात काही दोष नाही, पण वायरिंग जुनं असेल तर ही वायर किट बसवतानाच बदलून टाका.

एक बाब मात्र पॉइंटच्या बाजूने जाते. पॉइंट मरतात ते सांगून: स्टार्टिंगला त्रास, मग मिसिंग, आणि पॉलिश पेपर मारला की घरी पोचण्यापुरते चालतात. मोड्यूल गेलं की गेलं, उघडून करण्यासारखं काही नाही. बॅटरी अगदी उतरली असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं पडतं की किट जागंच होत नाही. म्हणून गॅप दिलेला जुना पॉइंट सेट, त्याच्यासोबत लागणारा कंडेन्सर आणि स्क्रू ड्रायव्हर डिकीत ठेवलाय. अजून तो काढायची वेळ आलेली नाही.