घरगुती स्टुडिओचे ‘पॅकेज’ आणि त्यातील बनावट माईक

भजनी मंडळांपासून नाट्यगीते गाणाऱ्या हौशी कलाकारांपर्यंत गोव्यातील अनेकांना अलीकडे आपले गाणे घरच्या घरी, पण नीटनेटके, ध्वनिमुद्रित करून ठेवावेसे वाटते. नेमक्या याच हौशीवर डोळा ठेवून ‘होम स्टुडिओ पॅकेज’ विकणारी काही मंडळी सध्या राज्यात वावरत आहेत. फोंड्याजवळच्या आमच्या घरातील एक खोली आम्ही या कामासाठी मोकळी केली आणि म्हापशाचा पत्ता सांगणाऱ्या अशाच एका विक्रेत्याकडून दोन माईक, एक ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज संगणकात पोहोचवणारे यंत्र), हेडफोन आणि भिंतींना लावायचा फोम असा संच ४२ हजार रुपयांना घेतला. त्यातील हेडफोन तेवढे बरे निघाले.

या व्यवहारातील खरी करामत मालात नसून प्रात्यक्षिकात होती. विक्रेत्याने माझ्या पत्नीला माईकसमोर उभे केले, कानांवर हेडफोन चढवले आणि “बाई, तुम्ही फक्त गा, बाकीचे मशीन बघून घेते,” असे सांगितले. तिने नाट्यपदाची एक ओळ म्हटली आणि तिचा आवाज तिलाच एखाद्या देवळाच्या सभामंडपात गायल्यासारखा भरदार ऐकू आला. पेटीवर मी साथीला होतो. पेटीचे सूरही गोल आणि गुळगुळीत वाटले. इंटरफेस म्हणून समोर ठेवलेल्या त्या यंत्रावर प्रतिध्वनीची एक खुंटी होती आणि ती अर्ध्याहून अधिक फिरवलेली होती, हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. असा मुलामा चढवला की साधारण माईकमधील खरखर दबते, आवाजातील उणिवा झाकल्या जातात आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज आवडू लागतो. खरेदीचा निर्णय त्याच क्षणी होतो, हे विक्रेत्यास पक्के ठाऊक असते.

घरी मुद्रण केल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. एक म्हणजे तो प्रतिध्वनी आवाजाबरोबरच मुद्रित होत होता आणि एकदा मिसळलेला प्रतिध्वनी नंतर स्वच्छ वेगळा काढता येत नाही. त्यामुळे तानेतील स्वर एकमेकांवर चढून चिखल होत होता. खुंटी पूर्ण बंद केल्यावर दुसरी गोष्ट समोर आली, ती म्हणजे गाण्याखाली सतत वाहणारा एकसुरी ‘स्स्स’ आवाज. विक्रेत्याला दूरध्वनी केला तेव्हा त्याने अत्यंत शांतपणे पावसाळ्याकडे बोट दाखवले. गोव्याची हवा दमट असते, संचातील मोठा माईक कंडेन्सर जातीचा, म्हणजे पातळ पडद्याने आवाज टिपणारा आणि बाहेरून वीज लागणारा असल्याने नाजूक असतो, ऑक्टोबरनंतर सगळे ठीक होईल, असे त्याचे म्हणणे. हे अर्धसत्य असल्यामुळे अधिक घातक आहे. दमट हवेचा कंडेन्सर माईकला खरोखरच त्रास होतो; परंतु त्या वेळी अधूनमधून तडतड किंवा फटफट असा आवाज येतो आणि माईक सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवून कोरडा केल्यास तो बहुधा नाहीसा होतो. ऋतू कोणताही असला तरी न बदलणारी एकसारखी खरखर ही माईकच्या किंवा यंत्राच्या जातीतच असते. ‘ऑक्टोबरनंतर’ हे उत्तर पैसे परत मागण्याची वेळ टळावी म्हणूनच दिलेले होते.

पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करणारा माझा भाचा चतुर्थीला घरी आला, तेव्हा त्याने त्या मोठ्या माईकचे स्क्रू काढून जाळी उचलली. खऱ्या मोठ्या पडद्याच्या कंडेन्सर माईकमध्ये साधारण एक इंच व्यासाचा, सोन्याचा अतिशय पातळ थर दिलेला पडदा असतो. आमच्या माईकमध्ये पितळी रंगाची प्लास्टिकची चकती होती आणि तिच्या मध्यभागी सदऱ्याच्या गुंडीएवढा, इलेक्ट्रेट जातीचा स्वस्त माईक दोन तारांनी डागलेला होता. “मामा, एवढ्या मोठ्या जाळीत फक्त हेच आहे. असे माईक टेलिफोनमध्ये असतात,” एवढेच तो म्हणाला. बाहेरच्या धातूच्या नळीवर मात्र एका नामांकित जर्मन कंपनीचे चिन्ह होते.

दुसरा माईक शुअर कंपनीचा एसएम५८ म्हणून दिलेला होता. १९६६ साली बाजारात आलेला हा डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा, माईक जगभर वापरला जातो आणि म्हणूनच त्याच्या नकलाही जगभर होतात. अस्सल एसएम५८ चे वजन कंपनीने २९८ ग्रॅम दिलेले आहे. आमचा माईक आम्ही शेजारच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला, तर तो २३० ग्रॅमही भरला नाही. शिवाय त्यावर चालू-बंद करण्याचे बटण होते. हे बटण एसएम५८एस या वेगळ्या प्रकारावर असते, साध्या एसएम५८ वर नसते. दुकानात माईक हातात घेताच या दोन गोष्टी तपासता येतात, त्यासाठी कोणत्याही तांत्रिक ज्ञानाची गरज नाही.

इंटरफेसची तपासणी थोडी अधिक खोलात गेली. कंडेन्सर माईकला यंत्राकडून ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो, त्यालाच फँटम पॉवर म्हणतात. यूएसबीतून येणारे पाच व्होल्ट वाढवून ४८ करण्यासाठी यंत्रात स्वतंत्र विद्युत मंडल (सर्किट) असावे लागते आणि त्याचा खर्च येतो. आमच्या यंत्रावर ‘४८ व्होल्ट’ असे लिहिलेले बटण होते, ते दाबल्यावर लाल दिवाही लागत होता. पण मीटर लावला तर माईक जोडण्याच्या जागेतील एक आणि दोन क्रमांकांच्या पिनांमध्ये, बटण दाबा अथवा न दाबा, पाचच्या आसपासच व्होल्ट मिळत होते. दिवा केवळ दिव्यासाठी होता. खोक्यावर मुद्रणाचा दर्जा २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ असा छापलेला होता, तर संगणक त्या यंत्राला १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या पुढे ओळखतच नव्हता. स्वतःचा लॅपटॉप सोबत नेऊन, प्रतिध्वनी पूर्ण बंद करून, अर्धा मिनिट गाऊन आणि अर्धा मिनिट गप्प राहून केलेले मुद्रण स्वतःच्या हेडफोनवर ऐकण्याचा आग्रह धरला, तर असा विक्रेता बहुतेक वेळा ‘आज वीज कमी-जास्त होते आहे’ असे काहीतरी सांगून टाळतो. गप्प राहिलेले ते अर्धे मिनिटच त्याला नको असते.

फोमबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो सामान बांधण्याचा साधा स्पंज होता, आणि श्रावण संपेपर्यंत त्यावर बुरशी आली.

बिलाकडे मात्र प्रत्येकाने बारकाईने पाहावे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. गोव्याचे ३० आणि महाराष्ट्राचे २७. म्हापशातील दुकान म्हणून दिलेल्या बिलावर २७ ने सुरू होणारा क्रमांक होता, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधल्यावर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला. पैसेही दुकानाच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने मागण्यात आले होते. पैसे पाठवण्यापूर्वी ही पडताळणी भ्रमणध्वनीवर पाच मिनिटांत होते.

आम्ही प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो तेथेही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उघडलेल्या माईकची छायाचित्रे, काट्यावरील वजन, मीटरचे आकडे आणि विक्रेत्याचे संदेश आम्ही जोडले आहेत. खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणे हा व्यापारचिन्ह कायदा १९९९ खाली कारावासाचा गुन्हा आहे, हे कळवल्यावर विक्रेत्याने अर्धी रक्कम देऊन तक्रार मागे घेण्याचा प्रस्ताव पाठवला. तो आम्ही नाकारला आणि त्यानंतर त्याचा क्रमांक बंद झाला.

मधल्या काळात भाच्याने अधिकृत वितरकाकडून एक अस्सल डायनॅमिक माईक आणि दोन माईक जोडता येतील असा साधा इंटरफेस आणून दिला. त्याची एकूण किंमत त्या ‘पॅकेज’च्या निम्मीही झाली नाही. कौलांवर पाऊस कोसळत असताना तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक माईक कंडेन्सरपेक्षा बाहेरचा आवाज कमी घेतो, त्यामुळे आमच्यासारख्या घराला तोच अधिक सोयीचा आहे. गेल्या आठवड्यात त्याच संचाची तीच छायाचित्रे समाजमाध्यमावर पुन्हा दिसली. विक्रेत्याचे नाव वेगळे आहे, पत्ता मडगावचा आहे, आणि किंमत आता ४५ हजार झाली आहे.