बीएडचे सोळा आठवडे: छात्रसेवाकाल संपल्यावर लिहिलेला अनुभव

छात्रसेवाकाल, म्हणजे बीएडमधला शाळेत जाऊन शिकवण्याचा काळ, संपून चार महिने झाले. "बीएड करावं का गं?" असं ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतच असतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. बीएस्सी झाल्यावर मी विज्ञान-गणित अध्यापन पद्धती घेऊन प्रवेश घेतला. माझ्या मावशीचं बीएड एका वर्षात झालं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं आहे आणि त्यातले वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. माझ्या मते फीचे पैसे वसूल होतात ते या सोळा आठवड्यांत. बाकीचं बरचसं वह्या भरणं आहे.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण (कसं शिकवलं यावरचा अभिप्राय) घ्या, बारा मिनिटांत पाठ सुधारा, पुन्हा सहा मिनिटं शिकवा, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. एकूण छत्तीस मिनिटांचं चक्र. एका वेळी एकच कौशल्य: सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणं), प्रश्न, चेतक बदल (लक्ष टिकवायला आवाज, हालचाल बदलणं), फळा लेखन, प्रबलन (शाबासकी देऊन उत्तेजन). समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. आमच्यातल्या चाळिशीच्या एक ताई आठवीतल्या मुलीसारखा हात वर करून "बाई, मी सांगू?" म्हणायच्या आणि सगळा वर्ग हसायचा. हे नाटक कशाला, असं तेव्हा वाटायचं. ते वाटणं अर्धं खरं निघालं.

प्रबलनाची सवय तर इतकी हाडात भिनली होती, की शाळेतल्या पहिल्याच पाठात एका मुलाने चुकीचं उत्तर दिलं आणि माझ्या तोंडून "छान, शाबास!" निघून गेलं. अख्खी नववी ब खिदळली. पण 'आधी प्रश्न, मग नाव' हा नियम मात्र खणखणीत आहे. "रोहन, वेग म्हणजे काय?" असं विचारलं की रोहन सोडून सगळे सुटतात. आधी प्रश्न टाकायचा, तीन-चार सेकंद गप्प राहायचं, मग नाव घ्यायचं. त्या तीन सेकंदांत चाळीस पोरं खाली मान घालतात, पण विचार करतात. मला गप्प राहायला शिकायलाच महिना लागला.

आम्ही जुलैत गेलो तेव्हा त्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक लांबच्या रजेवर होते, त्यामुळे नववीचा पहिलाच धडा, गतीचे नियम, राहिला होता. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, मी प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, स्वाध्याय सगळं लाल-निळ्या पेनाने लिहिलं होतं. अंतर (प्रत्यक्ष कापलेला रस्ता) आणि विस्थापन (निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतची सरळ रेषा) शिकवताना म्हटलं, एसटी डेपोतून निघाली, गावोगाव फिरून संध्याकाळी परत डेपोत आली, तर तिचं विस्थापन शून्य. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग मॅडम, कंडक्टर तिकीट कशाचं फाडतो?" माझ्या टाचणात याचं उत्तर नव्हतं. पण उत्तर त्याच्या प्रश्नातच होतं. मी म्हटलं, तूच सांग. त्याने तीनचार सेकंद डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अंतराचं." पुढचे दोन तास मला काहीच शिकवावं लागलं नाही, पोरं स्वतःच शेत, विहीर, शाळा असले रस्ते काढून विस्थापन मोजत बसली.

या तासाचं कुणीही निरीक्षण केलं नाही, त्यामुळे त्याला गुण शून्य. गुण मिळाले ते निरीक्षणाच्या पाठाला. त्याच्या आदल्या दिवशी मुलांनीच येऊन सांगितलं, "मॅडम, तुमचे सर येणार ना? आम्ही सगळे हात वर करतो." आणि खरंच केले. मी एका मुलीला उठवलं, तर ती नुसती हसत उभी राहिली. सरांनी शेरा लिहिला: विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. पाठ निरीक्षण म्हणजे बऱ्याचदा असंच. फळ्यावर तारीख, पट, उपस्थिती नीट लिहिली की नाही, हे आधी बघतात.

तक्रार करायचीच तर दोन गोष्टींची. शाळेला आम्ही म्हणजे फुकटची बदली माणसं. कुणी रजेवर गेलं की ऑफ तासाला "बीएडवाल्यांना पाठवा", मग विषय हिंदी असो वा भूगोल. आधी राग यायचा, पण वर्ग शांत कसा ठेवायचा ते मी या ऑफ तासांतच शिकले. दुसरी तक्रार कॉलेजची. परिपाठ, घटक नियोजन, घटक चाचणी, संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेतल्या गुणांच्या वाटणीचा तक्ता), सगळ्याच्या वह्या मागतात आणि सही करताना उघडून पाहत नाहीत. माझ्या एका वहीत मधली चार पानं कोरी होती, तरी सही मिळाली.

आता नोकरीचं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही असं स्पष्ट केलं, त्यामुळे माध्यमिकची खरी इच्छा असेल तरच या. पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, भरती होण्यासाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, दोनशे प्रश्न आणि दोन तास. फळ्यासमोर उभं राहून शिकवून दाखव, असं त्यात कुणी म्हणत नाही. निवड झाली तरी नववी-दहावीच्या शिक्षण सेवकाला आधी तीन वर्षं १८,००० रुपये मानधन, २०२३ च्या वाढीनंतर. घरभाडं भरून हे परवडतं का, ते आधी बघा.

आणि प्रवेशाचे पर्याय भरताना कॉलेजच्या इमारतीपेक्षा त्यांच्या सराव शाळा कुठे आहेत ते विचारा. तिथे वर्ग हातात देतात, की नुसतं मागे बसवतात, हे सीनियरांना फोन करून कळतं. मी विचारलं नव्हतं. सोळा आठवडे रोज दोन एसट्या बदलून जात होते, विस्थापन शून्य, तिकीट दोन्ही वेळचं.