माझ्याच लॅपटॉपची किल्ली मला साडेसहा हजारांना विकली

१०,३५९ रुपये गेले. तीन वेळा पैसे भरले आणि तिन्ही वेळा यूपीआयचा पिन मी माझ्या हाताने टाकला. सांगायला लाज वाटते, पण आकडा लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

मुलीला कॉलेजात या सत्रात लिनक्स आहे, म्हणजे विंडोजसारखीच लॅपटॉप चालवणारी दुसरी प्रणाली; उबंटू हा तिचाच एक प्रकार. विंडोज तसंच ठेवून शेजारी उबंटू हवं होतं, म्हणजे त्याला जागा करायला विंडोजचा सी ड्राइव्ह लहान करायचा. २८० जीबी रिकामे दिसत होते, तरी विंडोज ३१ जीबीच सोडत होतं. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल अशा विंडोजच्या स्वतःच्या फाइली मधेच ठाण मांडून बसतात, त्या तात्पुरत्या बंद केल्या की बरीच जागा सुटते, हे मला आता कळलंय. तेव्हा माझ्यापुढे क्लासच्या ६० मुलांचे पेपर होते आणि मुलगी घाई करत होती. जाहिरातीतला नंबर फिरवला. पलीकडचा मुलगा गोड मराठीत बोलला, "काकू, टेन्शन घेऊ नका, तुम्ही फक्त ओके दाबा." दुसऱ्याचा लॅपटॉप दुरून चालवायचं एनीडेस्क टाकायला लावलं आणि लॅपटॉप त्याच्या ताब्यात गेला.

पहिले १,४९९ 'पार्टिशनच्या', म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या, 'सॉफ्टवेअरचे'. उघडलं काय, तर विंडोजमध्ये आधीपासूनच असलेलं डिस्क मॅनेजमेंट! मग २,३६० उबंटूच्या 'लायसन्स'चे. उबंटू २००४ पासून फुकट मिळतं. दोन हजारांवर १८ टक्के जीएसटी, हिशेब चोख बसला म्हणून मला ते खरं वाटलं. जीएसटी नंबर मात्र मागितला नाही. तुम्ही मागा.

आता ती वेळ, जी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने काळी खिडकी उघडून एक कमांड टाकली. खाली सहा-सहा आकड्यांचे आठ गट आले. मी गणित शिकवते, आकडे माझ्या नजरेतून सुटत नाहीत. "हे काय?" म्हणून मी विचारलंसुद्धा. "सिरीयल नंबर, काकू." मी गप्प बसले. ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याची, रिकव्हरी की होती. मग त्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट ही सुरक्षा बंद करायला सांगितलं. उबंटूसाठी ते बंद करायची गरजच नसते! लॅपटॉप सुरू केला तर निळा पडदा, ४८ आकडी की टाका म्हणे. "मायक्रोसॉफ्टकडून काढावी लागेल, ६,५००, आत्ताच भरा, नाहीतर डेटा जाईल." आत नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. तुम्ही काय केलं असतं? मी भरले. दोन मिनिटांत त्याने आठ गट वाचून दाखवले. तेच आठ गट! तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. नंतर मुलीने माझ्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की मोबाइलवरून काढून दाखवली. ती पहिल्यापासून तिथेच होती.

तुमची की आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

पोलीस ठाण्यात सांगितलं, "सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्याचं पत्र आणा." पत्र आणलं तर, "मॅडम, त्याने काम करून दिलंय ना? मग हा रिपेअरिंगचा वाद झाला, ग्राहक मंचात जा." काम? उबंटू तर आलंच नव्हतं! बँकेत मॅनेजर मान वर न करता म्हणाले, पिन तुम्ही टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. भीती घालून घेतलेली संमती ही संमती कशी? लेखी उत्तर मागितलं, तेही अजून नाही. चार खेपा झाल्या, चार दिवस क्लास बुडाले, आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, "शिकलेल्या असून असं कसं केलंत?" त्या फसवणाऱ्याला प्रश्न कोण विचारणार? त्याचा नंबर आणि यूपीआय आयडी, दोन्ही मी छापून दिलेत.

माझं एक चुकलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केला. तोवर पैसे पुढे सरकले होते. तुम्ही पैसे गेल्याक्षणी करा, ठाण्यात जाण्याआधी.

सी ड्राइव्ह शेवटी मुलीनेच लहान केला, आधी बॅकअप घेऊन, एक रुपया न देता. तक्रारीचा क्रमांक घेऊन सोमवारी मी पाचव्यांदा ठाण्यात जाणार आहे.