इंजिनिअरिंगसोबत ऑनर्स घ्यावं का? सायबर सिक्युरिटीचा माझा अनुभव

थर्ड इयरवाले सारखे विचारतायत म्हणून एकदाच नीट लिहिते. एआयसीटीईच्या (टेक्निकल शिक्षणावर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था) हिशोबाने बीटेकला साधारण १६० क्रेडिट्स (अभ्यासाच्या भाराचं माप) असतात, ऑनर्स, म्हणजे डिग्रीसोबत एका खास क्षेत्राचे जादा विषय, घेतलं की वर आणखी १८ ते २०, आणि रेग्युलर विषयातलं एकही त्याबदल्यात कमी होत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. आमच्याकडे लेक्चर्स शनिवारी असायची, बाकी सगळे सुट्टीच्या मूडमध्ये आणि आपण लॅबमध्ये.

पण त्या लॅबनेच पैसे वसूल केले खरं सांगते! वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून साध्या एचटीटीपी पेजवर मीच टाकलेला पासवर्ड स्क्रीनवर जसाच्या तसा उघडा दिसला ना, तेव्हा अंगावर काटा आला, मग तेच एचटीटीपीएसवर (तिथे डेटा एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे गुप्त कोडमध्ये जातो) करून बघितलं तर नुसती गिचमिड, एन्क्रिप्शन का लागतं ते पुस्तकातून इतकं कधीच कळलं नसतं.

राग एकाच गोष्टीचा आहे, एका विषयाला अर्धं सेमिस्टर शिक्षकच नव्हते, पीपीटी ग्रुपवर टाकून मोकळे, आणि फी मात्र वेगळी घेतली. असं करू नये हो, पोरं मनापासून येतात.

प्लेसमेंटसाठी म्हणून घेणार असाल तर थांबा, इंटरव्ह्यूत ऑनर्सपेक्षा प्रोजेक्टवरच जास्त प्रश्न आले मला. विषय आवडत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त आधी सिनियर्सना गाठून शिकवणार कोण ते विचारा, आणि बॅकलॉग असेल तर आधी तो काढा.

माझ्याकडून ५ पैकी ४.