संपादक नसलेली पुस्तके: नऊ महिन्यांच्या वाचनाचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी ठरवले की काही महिने केवळ स्वतंत्र लेखकांच्या, म्हणजे कोणत्याही प्रकाशनसंस्थेच्या आधाराविना स्वतःच पुस्तक काढणाऱ्यांच्या, नव्या मराठी कथा-कादंबऱ्या वाचायच्या आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर अभिप्राय लिहायचा. त्याला आता नऊ महिने झाले. या काळात ४१ पुस्तके हाती घेतली. त्यांतली २९ शेवटपर्यंत वाचली आणि १२ मध्येच सोडली. बहुतेक वाचन लोकमान्य नगर ते सीताबर्डी या मेट्रोच्या रोजच्या जाण्यायेण्यात किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावर झाले, तर सात पुस्तके छापील स्वरूपात थेट लेखकांकडून टपालाने मागवली. अशी पुस्तके वाचावीत असे ज्यांना मनापासून वाटते, पण नेमके काय हाती लागेल याचा अंदाज येत नाही, त्यांच्यासाठी हे तपशिलाने लिहीत आहे.

यंत्राबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सहा इंची पडद्यावर मराठी अक्षर स्वच्छ दिसते, नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हातही वाचता येते आणि एकदा चार्ज केले की दोन-तीन आठवडे निघतात. अडचण यंत्रात नव्हती. ती फाईलमध्ये होती.

प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित लेखकाच्या हातून निघाले की ते आधी संपादक वाचतो, मग मुद्रितशोधक वाचतो, आणि लेखकाला न दिसलेले दोष या दोघांना दिसतात. स्वतंत्र लेखकाच्या पुस्तकात ही दोन्ही कामे बहुधा कोणीच केलेली नसतात. नऊ महिन्यांत मला पटलेली मुख्य गोष्ट हीच आहे की या लेखकांकडे अनुभव आहे, भाषा आहे, पुष्कळदा धाडसही आहे. नाही तो फक्त दुसरा डोळा. त्यामुळे अशा पुस्तकाचा पहिला काळजीपूर्वक वाचक हाच पुष्कळदा त्याचा पहिला संपादक ठरतो, आणि अभिप्राय लिहिताना ही जबाबदारी ओळखूनच लिहावे लागते.

एक उदाहरण देतो. मेळघाटात घडणाऱ्या एका कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात नायक टेकडीवर उभा राहून ‘खालच्या खोल दर्या’ पाहतो. मेळघाटात समुद्र कुठला, असे वाटून मी थांबलो आणि मग लक्षात आले की लेखकाला ‘दऱ्या’ म्हणायचे होते. पुढे संपूर्ण पुस्तकात ‘दुसर्या’, ‘सार्या’, ‘पायर्या’, ‘शेतकर्यांना’ असेच आले होते. याचे कारण साधे आहे. अनेकांनी आपला मजकूर वर्षानुवर्षे युनिकोड (म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे एकसारखी दिसावीत यासाठीची सामाईक पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो. तो युनिकोडमध्ये बदलताना रफार जागा सोडतात, वेलांट्या सरकतात, आणि सर्वांत आधी ‘ऱ्य’ बिघडतो. हा दोष किरकोळ नाही, कारण मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळ्या माणसांना उद्देशून म्हटलेले शब्द आहेत. अक्षरांच्या वळणाचेही तसेच आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ २००९ च्या शासन निर्णयाने प्रमाण ठरवलेले असूनही अर्ध्याअधिक पुस्तकांत ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. मात्र ती वाचताना अर्थ बिघडत नाही, म्हणून मी त्याबद्दल कोणाला लिहीत बसलो नाही. ‘ऱ्य’बद्दल मात्र त्या लेखकाला पानांसह यादी करून पाठवली. आठव्या दिवशी त्यांनी दुरुस्त केलेली फाईल चढवली आणि मी ती पुन्हा उतरवून घेतली. छापील पुस्तकात हे दुसऱ्या आवृत्तीपर्यंत शक्य नसते, आणि बहुतेक पुस्तकांना ती आवृत्ती लाभतही नाही.

आता या पुस्तकांनी जे दिले त्याबद्दल. सर्वांत समाधान कथासंग्रहांनी दिले, त्यातही अशा लेखकांच्या, जे पोटापाण्यासाठी दुसरेच काही काम करतात आणि त्या कामाची कथा लिहितात. वीज खात्यातल्या एका लाइनमनने लिहिलेली एक कथा मी तीन वेळा वाचली. रात्री पावसात एका गावाचा डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडतो, लाइनमन उपकेंद्राला फोन करून परमिट, म्हणजे वीज बंद केल्याची खात्री व कामाची परवानगी, घेतो आणि खांबावर चढतो. खाली गावातला एक तरुण, ज्याच्या मोटारीवर ओलित अवलंबून आहे, पुन्हा पुन्हा ‘झालं का भाऊ?’ असे विचारतो. कथेत अपघात होत नाही. वर चढलेला माणूस तारेला हात लावण्याआधी क्षणभर थांबतो आणि परमिट देणाऱ्या ऑपरेटरचा आवाज आज झोपाळलेला होता का, एवढेच आठवण्याचा प्रयत्न करतो. तो थांबलेला क्षण लेखकाने दीड पान धरून ठेवला आहे, आणि हे दीड पान केवळ कल्पनेच्या बळावर कोणाला लिहिता आले नसते. सराईत संपादकाने कदाचित तेच कापले असते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बोलीच्या बाबतीतही असेच आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे कार्यालय नागपुरात आहे, येथे लिहिणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. तरीही ‘करून राहिला’, ‘मले’, ‘तुले’ ही आपली रोजची रूपे छापील कथेत पाहायला मिळणे विरळच. स्वतंत्र लेखक ती मोकळेपणाने वापरतात, आणि एका वऱ्हाडी कादंबरीत ‘डोळा’चा ‘डोया’ झालेला वाचताना मला माझ्या आजीचा आवाज ऐकू आला. परंतु बोली वापरायची तर पात्राच्या तोंडी ती शेवटपर्यंत टिकली पाहिजे. एका पुस्तकात पहिल्या प्रकरणात ‘मले नाई जमत’ म्हणणारी सून सातव्या प्रकरणात, कोणतेही कारण नसताना, ‘मला हे शक्य वाटत नाही’ असे म्हणते. रागावल्यावर, परक्या माणसासमोर किंवा कचेरीत माणूस प्रमाण भाषेकडे वळतो, आणि तसे दाखवले असते तर तो कथेचा गुण ठरला असता; येथे केवळ लेखकाचे लक्ष सुटले होते.

कादंबऱ्यांबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही. सोडलेल्या १२ पुस्तकांपैकी १० कादंबऱ्या होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मी मध्यावर थकलो. यामागे लेखनाइतकीच वितरणाची रीतही कारणीभूत आहे, असे मला वाटते. किंडलच्या वर्गणी योजनेत लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने मोबदला मिळतो, तर भागाभागाने कथा प्रसिद्ध होते तेथे वाचक पुढच्या भागाला यावा म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी धक्का द्यावा लागतो. हे भाग नंतर एकत्र करून कादंबरी म्हणून काढले की दर दहा पानांनी येणारा धक्का आणि त्यानंतरची मागील भागाची उजळणी वाचकाला नकोशी होते. अशा लेखकांना माझी एकच विनंती राहिली आहे: पुस्तक करण्याआधी या उजळण्या काढून टाका; कादंबरी पाचव्या हिश्शाने लहान होईल आणि तिचे काहीही बिघडणार नाही.

छापील प्रतींत एक अपघातही झाला. एका कथासंग्रहात पान ९७ ते ११२ दोनदा आले आणि ११३ ते १२८ आलेच नाहीत. म्हणजे बांधणीत सातवा फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांचा गठ्ठा) दुबार लागून आठवा राहून गेला होता. लेखिकेला कळवले तेव्हा त्यांनी त्याच संध्याकाळी राहिलेल्या सोळा पानांची छायाचित्रे मोबाईलवर पाठवली आणि आठवड्याने नवी प्रतही. त्यांच्याशी बोलताना कळले की पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, नाही, कारण त्यासाठी मोठा खर्च येतो अशी त्यांची समजूत होती. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून हा क्रमांक विनामूल्य मिळतो, आणि लेखक स्वतःही त्यासाठी अर्ज करू शकतो, हे त्यांना मी आवर्जून सांगितले.

अभिप्राय लिहिण्याची माझी पद्धत या काळात बदलत गेली. सुरुवातीला मी पुस्तक संपताच लिहीत असे. आता एक आठवडा जाऊ देतो, कारण आठवड्यानंतर जे आठवते तेच त्या पुस्तकाचे खरे बळ असते. विकत घेण्याआधी विनामूल्य मिळणारा नमुना पूर्ण वाचतो. शुद्धलेखनाचे आणि फाईलचे दोष लेखकाला खाजगीत कळवतो, कथेचे दोष मात्र जाहीर लिहितो, कारण ते जाणून घेण्याचा वाचकाला हक्क आहे. अनेक पुस्तकांखाली पहिले आठ-दहा अभिप्राय आप्तांचे असतात आणि त्यांत पाच ताऱ्यांपलीकडे काही नसते. त्यांचा लेखकालाही उपयोग होत नाही. माझ्याकडूनही एकदा अन्याय झाला. एका संग्रहातली पहिली कथा कच्ची वाटली म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवून दोन तारे दिले, आणि महिन्याभराने परत उघडले तेव्हा चौथी व पाचवी कथा असामान्य निघाल्या. तो अभिप्राय मी काढून नव्याने लिहिला, आणि लेखकाला पुढच्या वेळी कथांचा क्रम बदलण्याचे सुचवले.

लाइनमन लेखकाचा दुसरा संग्रह मागच्या आठवड्यात आला आहे. नमुन्यात दीड कथा वाचायला मिळते. ‘ऱ्य’ सगळीकडे बरोबर आहे, आणि दुसरी कथा उपकेंद्रातल्या त्या झोपाळलेल्या आवाजाच्या ऑपरेटरची आहे.