जुन्या फियाटला निस्सानचं इंजिन बसवावं की मूळचंच करून घ्यावं?

जुनी फियाट ११०० किंवा पद्मिनी हाती आली की थोड्याच दिवसांत विचार सुरू होतो: हिला जरा मोठं इंजिन टाकलं तर? गॅरेजवाले बहुतेक वेळा ११८ एनई या गाडीचं इंजिन सुचवतात. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीनेच त्या गाडीत बसवलेलं हे निस्सानचं ए-१२, ११७१ सीसी आणि ५२ बीएचपीचं. आपलं मूळचं इटालियन इंजिन १०८९ सीसीचं. फरक जेमतेम ८२ सीसीचा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका.

ए-१२ मध्ये जीव आहे, हे मान्य करायलाच हवं. फियाटचा क्रँक, म्हणजे पिस्टननी फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, तीन मेन बेअरिंगवर फिरतो, याचा पाच बेअरिंगवर. त्यामुळे हायवेवर तासभर एकाच वेगात दामटली तरी इंजिन शांत राहतं आणि घाटातही गाडी कमी धापा टाकते. या बॉडीला जास्त ताकद झेपत नाही असंही कुणी म्हणू नये. इटलीत खुद्द फियाटने ११०० डीला १२२१ सीसीचं इंजिन दिलं होतं; मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरने बनवलेली गाडी तेवढी १०८९ वर राहिली.

पण इंजिन एकटं येत नाही. इंजिन ज्यावर बसतं ती माउंटिंग नवी बनवावी लागतात, रेडिएटरची जागा आणि पाइप बदलतात. गिअरबॉक्सही निस्सानचा घेतला की मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून, वेल्डिंग करून, पुन्हा बॅलन्स करावा लागतो. तो बॅलन्स चुकला की साठच्या पुढे अख्खी गाडी थरथरते. स्टेअरिंगवरचा गिअरचा दांडा जाऊन तो खाली येतो, म्हणजे फ्लोअर कापायचा. समोरच्या अखंड बाकड्यावर मधे तिसरा माणूस बसतो, त्याची जागाही गेली. आणि एवढं करून ब्रेक तेच, चारही चाकांना ड्रम. आधी ब्रेक, मग इंजिन, हा क्रम मला तरी सोडवत नाही.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला हे कारण पुरेसं आहे. त्यात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, अट अशी की ती मूळ रूपात हवी. १९६४ पासूनच्या फियाट ११०० डिलाइट आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्या या वयात आल्याच आहेत. अशा गाडीचं मूळ इंजिन काढणं म्हणजे हातचं घालवणं.

मूळ इंजिन ओव्हरहॉल करण्याची बाजू मला जड वाटते, कारण ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा झिजलेल्या इंजिनाची असते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. एखाद्या सिलिंडरमध्ये ते कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गेलेत. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह बघा. मग बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंड, नवी बेअरिंग, हेड प्लेन, कार्ब्युरेटर साफ. असं नीट बांधलेलं १०८९ चालवून बघितल्याशिवाय दुसऱ्या इंजिनाची बोलणी करूच नका. पार्टसाठी मुंबईतले ऑपेरा हाउस आणि चोर बाजार पालथे घालावे लागतील. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, त्यामुळे सामान दिसलं की घेऊन ठेवा.

रोज लांबच्या हायवेवर पळवायची असेल तर ११८ एनईच विकत घ्या. तिथे ए-१२ आपल्या हक्काच्या जागी आहे. पद्मिनी हवी असेल तर मूळ इंजिनासकट. आणि आधीच इंजिन बदललेली गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर बॉनेट उघडून ब्लॉकवरचा नंबर आरसीशी ताडून बघा. जुळला नाही तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.